शेततळ्यातील मासे धरण्याची साधने : निवड आणि जमवाजमव

आषाढात प्राणवायू भरलेल्या पिशवीतून मत्स्यबीज घेऊन येणारा शेतकरी आणि फाल्गुनात उसने जाळे शोधत दारोदार फिरणारा शेतकरी हे दोघे निराळे नसतात. नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर व येवला या तालुक्यांतून हिंडताना हा अनुभव मला वारंवार येतो. कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली कोठून आणावी, त्यांना पेंड व कोंडा किती घालावा, याविषयी शेतकरी बंधू आवर्जून विचारतात. परंतु वाढलेला मासा पाण्याबाहेर कशाने काढावयाचा, हा प्रश्न गिऱ्हाईक दाराशी उभे राहीपर्यंत कोणाच्याही मनात येत नाही. द्राक्षाची कात्री आपण छाटणीच्या दिवशी सकाळी शोधू लागत नाही. जाळ्याच्या बाबतीत मात्र नेमके तेच घडते. प्रस्तुत लेखात या साधनांचा विचार केला आहे. तो करण्यास माझ्याच हातून घडलेली एक चूक कारणीभूत आहे, हे प्रारंभीच सांगितलेले बरे.

बोटभर चीर

चांदवड तालुक्यातील एका गावी एका द्राक्ष बागाईतदाराचे शेततळे आहे. गावात त्यांना सर्वजण नाना म्हणतात. तळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल असून त्याला प्लॅस्टिकचे अस्तर आहे. या अस्तराला आपल्याकडे सरसकट ‘कागद’ म्हणतात, आणि पाहावे तर ते ५०० मायक्रॉनचे, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचे असते. माझ्या सांगण्यावरून नानांनी तळ्यात सहाशे बोटुकली सोडली. मार्चअखेर मासे पाऊण किलोच्या घरात गेले. मासे काढावयाचे ठरले, तेव्हा जाळे नव्हते. धरणावर मासेमारी करणाऱ्या एका ओळखीच्या गटाकडून मीच एक ओढजाळे मिळवून दिले.

जाळ्यात खोट नव्हती. धरणाच्या गाळाच्या तळासाठी ते उत्तम होते. त्याच्या तळच्या दोरावर वीतवीत अंतराने शिशाच्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या, आणि जेथे पट्टी गळून पडली होती तेथे कोणीतरी लोखंडी तारेने दगड बांधला होता. गाळात अशा तारेचे टोक रुतते आणि सुटते. कागदावर ते ओढले की काय होईल, हा विचार मला सुचावयास हवा होता. तो सुचला नाही. तीन ओढी झाल्या, मासे निघाले, वजन झाले, सर्वजण खुशीत घरी गेले.

चौथ्या दिवशी नानांनी काठावरच्या खुणेवरून पाणी उतरल्याचे ओळखले. त्या दिवसांतील उन्हाने पाणी उडते ते दिवसाला सेंटिमीटरभर. येथे ते रोज चार बोटे उतरत होते. चीर कोठे आहे हे पाण्याखाली दिसेना. उताराच्या पायथ्याजवळ, तळापासून दोन फुटांवर ती होती, आणि पाणी तिच्याखाली गेले तेव्हाच दृष्टीस पडली. चीर बोटभर लांबीची होती. तोवर तळ्यातील पाणी दीड मीटरवरून ६० सेंटिमीटरवर आले होते. बाजूंचा उतार १ : १.५ धरून हिशेब केल्यास हे सुमारे सव्वापाच लाख लिटर पाणी होते. दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत सांगावयाचे तर बावन्न खेपा. बागेची खरड छाटणी एप्रिलमध्ये व्हावयाची होती, आणि छाटणीनंतर फुटणाऱ्या काडीवर पुढील वर्षाचा घड ठरावयाचा होता. त्या काडीसाठीच हे पाणी राखून ठेवलेले होते.

नाना रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “साहेब, मासे तुमच्या नादानं टाकले, पाणी मात्र माझं होतं.”

शेततळ्यातील मासेमारीची साधने निवडताना हेच वाक्य मी आता कसोटी म्हणून वापरतो. धरणातील मच्छीमाराला मासा मिळाला की त्याचे काम झाले. शेततळ्याच्या मालकाचे तसे नाही. त्याचे पाणी हे पीक आहे आणि मासा हे आंतरपीक. जे साधन मासा देईल पण पाणी घालवील, ते फुकट मिळाले तरी महाग होय.

बीज आले, जाळे राहिले

कटला, रोहू व मृगळ हे मुळात गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील मासे. वाहत्या नदीत, पुराच्या पाण्यातच ते अंडी घालतात. बंदिस्त तळ्यात आपणहून घालीत नाहीत. म्हणून पूर्वी त्यांचे बीज नदीतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी व के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन तळ्यात घडवून आणले आणि बीजाचा प्रश्न सुटला. सायप्रिनस हा परदेशी कार्प १९३९ साली श्रीलंकेतून निलगिरीत आणला गेला, आणि त्याची दुसरी जात १९५७ साली बँकॉकहून कटकला आली. तो तर तळ्यातही आपणहून अंडी घालतो. पुढे आपल्या राज्यात सामूहिक शेततळी झाली, आणि २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाल्यावर कोरडवाहू गावांतूनही पाणी चकाकू लागले.

अशा रीतीने पाणी आले, बीजही आले. परंतु जाळ्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या नदीकाठच्या भोई व कोळी बांधवांकडे राहिली आणि शेततळी मात्र माळावर झाली. दोघांची गाठ क्वचितच पडते. माझा अनुभव असा की जाळे बांधण्याचे काम जाणत्या मच्छीमाराकडून मजुरी देऊन करून घ्यावे. मात्र तळे कागदाचे आहे हे त्याला पहिल्या वाक्यात सांगावे.

सर्वांआधी दोर

साधनांच्या यादीत जाळ्याच्याही आधी दोराचे नाव लिहावे. भिजलेल्या कागदावर शेवाळाचा पातळ थर धरतो, आणि अशा उतारावरून घसरलेला माणूस पोहता येत असूनही वर चढू शकत नाही. हाताला धरावयास काहीच लागत नाही. शेततळ्यात बुडून माणसे, विशेषतः मुले दगावल्याच्या बातम्या दरवर्षी वाचनात येतात. मासे धरण्याच्या दिवशी तर काठावर गर्दी होते, ओढाताण होते, आणि मासा उसळला की लहानमोठे सर्वच पुढे धावतात.

म्हणून तळ्याच्या चारही बाजूंना, काठावर पक्क्या रोवलेल्या खुंटास बांधून, हात-हात अंतरावर गाठी मारलेला एकेक जाड दोर तळापर्यंत सोडून ठेवावा. तो कायमचा असावा; मासेमारीपुरता नव्हे. ट्रकच्या चाकाची हवा भरलेली एक ट्यूब लांब दोरीला बांधून काठावर तयार ठेवावी. शक्यतो कोणीही पाण्यात उतरू नये. उतरणे भागच पडले तर कमरेला दोर बांधून, दोराचे टोक काठावरील दोघांच्या हाती देऊन, आणि अनवाणी उतरावे. पायातील वहाणेचा खिळाही कागदाला पुरतो.

ओढजाळे

शेततळ्यातील मासे मोठ्या प्रमाणावर काढावयाचे असल्यास ओढजाळे हेच मुख्य साधन होय. समोरासमोरच्या दोन काठांवरून दोन गटांनी ते ओढीत न्यावयाचे आणि शेवटच्या कोपऱ्यात त्याची झोळी करावयाची, इतकी ही क्रिया सोपी आहे. अवघड आहे ते जाळ्याचे माप.

माप तळ्याच्या काठाचे घेऊ नये. मासे काढण्याच्या दिवशी पाणी जेवढे रुंद असेल तेवढे घ्यावे. वर सांगितलेल्या तळ्यात पाणी दीड मीटर उरले असता त्याची रुंदी साडेपंचवीस मीटर भरते. जाळे ओढताना मागे फुगले पाहिजे, तरच मासे त्याच्या पोटात राहतात. म्हणून जाळ्याची लांबी पाण्याच्या रुंदीच्या दीडपट, म्हणजे येथे ४० मीटरच्या आसपास ठेवावी. उंची पाण्याच्या खोलीच्या दीडपटीहून कमी नसावी. उतार लक्षात घेता अडीच ते तीन मीटर उंची हितावह ठरते. तळे तुडुंब असताना जाळे टाकण्याचा मोह टाळावा. बागेला पाणी देत देत तळे उतरू द्यावे आणि मग एकाच लहान जाळ्यात काम उरकावे. मोठ्या जाळ्याचा खर्च वाचतो तो असा.

दुकानात जाळ्याचे कापड मिळते ते बहुधा किलोवर. ते दोराला सरळ ताणून बांधावयाचे नसते. लुगड्याच्या निऱ्यांसारख्या चुण्या घेऊन बांधावयाचे असते, तरच त्याची घरे पाण्यात उघडी राहतात. ४० मीटर दोरासाठी ताणून मोजलेले ७० ते ८० मीटर कापड लागते. हे ठाऊक नसल्याने चाळीस मीटर कापड आणून पंचवीस मीटरचे जाळे करून बसलेले दोन शेतकरी मला ठाऊक आहेत.

आता जाळ्याच्या घराविषयी. मच्छीमार त्याला ‘आस’ म्हणतात. आस मोजण्याच्या दोन रीती आहेत : एक, गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंत, दुसरी, घर ताणून समोरासमोरच्या गाठींपर्यंत. दुसरे माप पहिल्याच्या दुप्पट भरते. दुकानदार एक रीत धरतो, गिऱ्हाईक दुसरी धरते, आणि घरी आल्यावर मासे जाळ्यातून आरपार निघून जातात. दुकानात जाताना खिशात पट्टी ठेवावी व आस स्वतः ताणून पाहावा.

आस किती असावा हे माशालाच विचारावे. एक मासा धरून त्याच्या कल्ल्याच्या झाकणावरून सुतळीचा वेढा घ्यावा, आणि दुसरा वेढा पोटाच्या सर्वांत जाड भागावरून घ्यावा. पाऊण किलोच्या रोहूचा डोक्याचा घेर २० सेंटिमीटर आणि पोटाचा २६ सेंटिमीटर आला असे समजू. आसाचा सबंध घेर हा ताणलेल्या मापाच्या दुप्पट असतो. तो घेर डोक्याच्या घेराच्या निम्म्याहून अधिक नसला, म्हणजे येथे ताणलेला आस ५ सेंटिमीटरच्या आत असला, तर मासा जाळ्यात डोके खुपसू शकत नाही व खवले न सांडता झोळीत येतो. मी स्वतः ताणून ४ सेंटिमीटरचा आस सुचवितो. त्यातून हातभर मासा सुटत नाही, बोटाएवढे पिल्लू सुटून जाते आणि पाणीही अडत नाही.

पाणी अडण्याचा मुद्दा गौण नाही. घरी पडलेली हिरवी शेडनेट शिवून तिचेच ओढजाळे करण्याची कल्पना पुष्कळांना सुचते. शेडनेटची वीण इतकी दाट असते की ओढताना ती पाण्याची भिंतच ढकलू लागते; सहा माणसे दमतात आणि मासे बाजूने निसटतात. द्राक्षबागेवरील पक्षीजाळीही या कामाची नव्हे. तिचा धागा बारीक असून माशाचे कल्ले त्यात कापले जातात.

धाग्याबाबत पूर्वीची अडचण आता उरलेली नाही. सुताची व तागाची जाळी कुजत, म्हणून त्यांना झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळून काढावे लागे. कोची येथे १९५७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने जाळ्यांच्या धाग्यांवर पुष्कळ संशोधन केले आहे, आणि आज सर्वत्र नायलॉन रूढ आहे. ते कुजत नाही आणि पाण्यापेक्षा किंचित जड असल्याने बुडते. पॉलिथीन व पॉलिप्रॉपिलीन मात्र पाण्यावर तरंगतात. यावरून वरचा दोर पॉलिप्रॉपिलीनचा आणि जाळे नायलॉनचे, हे सहज ठरते. बिनगाठीचे जाळे मिळाल्यास अवश्य घ्यावे. माशाचे अंग त्याने कमी सोलवटते.

राहिला तळचा दोर. नानांच्या तळ्यात सर्व अनर्थ त्यानेच केला. शिसे, लोखंडी कड्या, साखळी, दगड, तार यांपैकी काहीही कागदाच्या तळ्यात उतरू देऊ नये. त्याऐवजी जाड सुती कापडाची, शिवून अडीच सेंटिमीटर व्यासाची होईल अशी लांब नळी करावी आणि तीत चाळलेली बारीक वाळू भरावी. दर मीटरला एक आडवी शिवण घालावी, म्हणजे वाळू एका टोकाला जमत नाही. मीटरला सुमारे पाऊण किलो, म्हणजे ४० मीटरला ३० किलो वाळू लागते. ही नळी मऊ असल्याने कागदाच्या सुरकुतीवरूनही अलगद सरकते आणि तळाला चिकटून राहते. कापड दोन वर्षांत विरते. तेव्हा ते बदलावे. वाळू आपल्या नदीची, कापड जुन्या धोतराचे, शिवणारा गावचाच. यात महाग असे काहीच नाही.

वरच्या दोरावर दुकानातील बुचे लावावीत, किंवा घट्ट झाकणाच्या लिटरभर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या दर दोन मीटरवर बांधाव्यात. जाळे प्रथम पाण्यात सोडून वरचा दोर सर्वत्र तरंगतो ना हे पाहावे, आणि जेथे तो दबत असेल तेथे आणखी एक बाटली घालावी.

ओढ पहाटे, थंड वेळी सुरू करावी. आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे. ओढ संथ असावी. घाई केली की कटला व रोहू वरच्या दोरावरून उड्या मारतात. सायप्रिनसला तळच्या दोराखालून गाळात घुसून निसटण्याची खोड आहे. कागदाच्या तळ्यात गाळ नसल्याने ती त्याला फारशी साधत नाही, एवढा एक लाभ कागद आपल्याला देतो.

गिलनेट व फेकजाळे

एकदम सर्व मासे काढावयाचे नसतील तेव्हा गिलनेट उपयोगी पडते. त्याचे गणित ओढजाळ्याच्या उलट आहे. येथे मासा अडकावा हीच अपेक्षा असते, म्हणून आसाचा घेर डोक्याच्या घेराहून मोठा व पोटाच्या घेराहून लहान हवा. वरील उदाहरणात ताणलेला आस ११ सेंटिमीटर धरल्यास घेर २२ सेंटिमीटर होतो. पाऊण किलोचा रोहू त्यात गुंततो आणि अर्ध्या किलोचा निघून जाऊन आणखी वाढतो. मात्र गुंतलेला मासा फार वेळ जगत नाही. त्यामुळे जाळे तास-दीड तासापेक्षा अधिक ठेवू नये, रात्रभर तर नाहीच.

गिलनेटचे तुकडे बांधावर किंवा नाल्यात टाकू नयेत, हेही येथेच सांगून ठेवतो. आपल्याच जिल्ह्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य आहे. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत नोंदले गेलेले ते महाराष्ट्रातील पहिले पाणस्थळ. तंगूस कुजत नाही, आणि त्यात पाय गुंतलेल्या पक्ष्याची सुटका होत नाही.

फेकजाळे, ज्याला कोकणात पाग म्हणतात, ते गोल फेकण्यास सराव लागतो. माशांची वाढ पाहण्यासाठी ते सोयीचे आहे. परंतु त्याच्या घेराला शिशाचे मणी असतात. कागदाच्या तळ्यात ते वापरावयाचे झाल्यास मणी गुळगुळीत आहेत ना, हे प्रत्येक मण्यावर बोट फिरवून पाहावे.

गळ

गळाने मासे धरणे हा आपल्याकडे रिकामटेकड्यांचा उद्योग समजला जातो. माझे मत तसे नाही. शेततळ्याच्या मालकाजवळ एक गळ असावाच. विक्रीसाठी नव्हे, तर वाढ मोजण्यासाठी. खाद्य माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के घालावयाचे, असे आपण सांगतो. परंतु वजन ठाऊक नसेल तर टक्के कशाचे काढावयाचे? अंदाजाने पेंड टाकली जाते, ती तळाशी कुजते, पाणी बिघडते आणि पैसाही जातो. महिन्यातून एकदा दहा मासे धरून, वजन करून परत सोडले तर हा घोळ टळतो.

त्यासाठी यंत्राची किंवा महाग काठीची आवश्यकता नाही. तीन-साडेतीन मीटरचा सरळ, वाळलेला बांबू, तेवढ्याच लांबीचा ०.३० ते ०.३५ मिलिमीटरचा तंगूस, आणि सहा ते आठ नंबरचा गळ पुरे. गळाच्या नंबरची गंमत अशी की नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे दुकानात जाण्यापूर्वी लक्षात ठेवावे. तरंगण्यासाठी जोंधळ्याच्या वाळक्या धांड्याचा बोटभर तुकडा चालतो. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा, म्हणजे मासा जखम न होता सुटतो. काटा दाबला तरी टोक तीक्ष्णच राहते. म्हणून गळ उतारावरून ओढत आणू नये, उचलून घ्यावा. आमिषाला शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा कणकेत मळून केलेली गोळी उत्तम. मासे त्याच खाद्याला सरावलेले असतात.

धरलेला मासा तापलेल्या कागदावर किंवा मातीत आपटू देऊ नये. इंग्लंडमध्ये कार्प गळाने धरून, वजन करून पुन्हा पाण्यात सोडण्याचा छंद फार मोठा आहे, आणि तेथील लोक माशासाठी ओली, मऊ गादी जवळ बाळगतात. आपल्याकडे फोमचा ओला तुकडा तेच काम करतो. हातही ओले असावेत. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर निघतो व तेथे रोग धरतो.

एक मर्यादा सांगणे अवश्य आहे. कटला हा पाण्याच्या वरच्या थरातील सूक्ष्म जीव गाळून खाणारा मासा आहे. तो गळाला सहसा लागत नाही. शिवाय गळाला प्रथम लागतो तो धीट व भुकेला मासा. त्यामुळे गळाने काढलेली सरासरी सर्व तळ्याची सरासरी मानू नये; दोन महिन्यांतून एकदा फेकजाळ्याने ती पडताळून पाहावी.

गंगापूर, दारणा किंवा गिरणा अशा जलाशयांवर गळ वा जाळे टाकावयाचे असल्यास गोष्ट वेगळी. तेथील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांची परवानगी घ्यावी.

घरचे सामान आणि सामाईक जाळे

सहाशे बोटुकल्यांपैकी चार-पंचमांश जगली व पाऊण किलोची झाली, तर ३६० किलो मासा हाती येतो. वीस किलोच्या क्रेटमध्ये भरल्यास अठरा क्रेट लागतात. द्राक्षे व टोमॅटो पिकविणाऱ्या घरी क्रेट, काटा व ताडपत्री असतातच. वेगळी खरेदी नको. बर्फ मात्र माशाच्या वजनाइतका सांगून ठेवावा. एक सावधगिरी बाळगावी : ज्या पिंपात बोर्डो मिश्रण केले असेल, ते कितीही धुतलेले असले तरी जिवंत माशांसाठी वापरू नये. मोरचूद माशाला फार थोड्या प्रमाणातही घातक ठरते. त्याच कारणास्तव जाळे औषधांच्या खोलीत ठेवू नये.

एका तळ्यासाठी स्वतंत्र ओढजाळे घेणे परवडत नाही, आणि घेण्याचे कारणही नाही. वर्षातून ते दोन-तीन दिवसच लागते. पाच-सहा तळ्यांच्या मालकांनी मिळून एक जाळे करावे. भांडण होते ते पैशावरून नव्हे, तर फाटलेले जाळे कोणी तुणावयाचे यावरून. ज्याच्या तळ्यावर फाटले त्याने तुणून पुढे द्यावे, असा नियम पहिल्याच दिवशी वहीत लिहून सह्या घ्याव्यात. जाळ्याबरोबर माशांच्या अंगावरील ऊही एका तळ्यातून दुसऱ्यात जाते. यास्तव प्रत्येक तळ्यानंतर जाळे पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यातून काढून, सावलीत दोन दिवस पूर्ण वाळवावे. उन्हात नायलॉन ठिसूळ होते. जमिनीवर ठेवलेले जाळे उंदीर कुरतडतात; ते आढ्याला टांगावे.

नानांच्या तळ्याची चीर उष्णतेने जोड देऊन बुजविली. पुढच्या वर्षी त्यांनी मासे सोडले नाहीत, आणि मीही आग्रह केला नाही. त्यानंतरच्या आषाढात ते आपणहून कार्यालयात आले. अट एकच होती : जाळे आधी बांधावयाचे, बीज नंतर आणावयाचे. गावातील पाच जणांनी मिळून ते बांधले. वाळूच्या नळीची शिवण नानांच्या घरीच झाली. पाण्यात उतरविण्यापूर्वी त्यांनी चाळीस मीटर दोरावरून तळहात दाबीत नेला आणि दोन ठिकाणी सुईची मोडलेली टोके काढली. आज ते जाळे त्यांच्या पडवीत आढ्याला टांगलेले असते. यंदा पहिली पाळी शेजारच्या तळ्याची आहे; तरीही जाळे बाहेर जाण्यापूर्वी तळचा दोर नाना स्वतः तपासणार आहेत.